बिल्ड बॅक बेटर विधेयक

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षात, म्हणजे २०२१ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाने आणलेले समाजकल्याण, कर आणि हवामान यांसंबंधीचे महाविधेयक. प्रतिनिधीगृहात ते मंजूर झाले; सिनेटमध्ये मात्र मूळ रूपात ते मतदानापर्यंत पोहोचलेच नाही. विरोधी रिपब्लिकन पक्षाचे एकही मत मिळणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. त्यामुळे खरी लढाई सत्ताधारी पक्षाच्या घरातच झाली, आणि ती वर्षभर चालली. ‘बिल्ड बॅक बेटर’ (मोडलेले पुन्हा उभारा आणि पहिल्यापेक्षा चांगले उभारा) ही बायडेन यांची २०२० च्या प्रचारातली घोषणा.

भांडणाचे मूळ आकड्यांत आहे. जानेवारी २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातील दोन्ही फेरनिवडणुका जिंकल्यामुळे सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक गटाचे ५० आणि रिपब्लिकनांचे ५० असे बलाबल झाले. समान मते पडली तर उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचे मत निर्णायक. एरवी सिनेटमध्ये मोठे विधेयक पुढे न्यायला ‘फिलिबस्टर’च्या (चर्चा लांबवत ठेवून मतदान रोखण्याच्या) प्रथेमुळे ६० मते लागतात. ही अट फक्त एका वाटेने चुकवता येते. १९७४ च्या अर्थसंकल्प कायद्यातील ‘रिकन्सिलिएशन’ या तरतुदीखाली महसूल आणि खर्चाशी निगडित विधेयक साध्या बहुमताने मंजूर करता येते. ही वाट वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच उघडते, म्हणून पक्षातल्या प्रत्येक गटाने आपली वर्षानुवर्षांची मागणी त्याच गाठोड्यात कोंबली. बालसंगोपन, पगारी रजा, औषधांच्या किमती, स्थलांतरितांचा दर्जा, सौरऊर्जा असे सगळे एकाच विधेयकात आले. यातील स्थलांतरितांविषयीची कलमे अर्थसंकल्पाशी पुरेशी निगडित नाहीत, असे सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोना यांनी वारंवार सांगितले. त्यासाठी ज्या ‘बर्ड नियमा’चा आधार घेतात तो वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या नावाचा. २०१० मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांच्या जागेवर निवडून आले जो मँचिन. या विधेयकाचे घोडे पुढे अडले ते याच मँचिन यांच्या दारात.

मराठी वाचकाला इथे एक प्रश्न हमखास पडतो : पक्षाने व्हिप का काढला नाही? भारतात १९८५ पासून दहाव्या अनुसूचीमुळे पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. शिवसेनेतल्या २०२२ च्या फुटीनंतर प्रतोद नेमका कोणाचा, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. अमेरिकेत ‘व्हिप’ हे पद आहे, पण त्याच्या हाती चाबूक नाही. मते मोजणे आणि नाकदुऱ्या काढणे, एवढेच त्याचे काम. सदस्याने पक्षाविरुद्ध मत दिले तरी त्याची जागा सुरक्षित राहते. उलट मतदारसंघात कधीकधी त्याचे वजनच वाढते. २०२० मध्ये ट्रम्प यांना सुमारे ६९ टक्के मते देणाऱ्या वेस्ट व्हर्जिनियासारख्या कोळशाच्या राज्यातून निवडून येणाऱ्या डेमोक्रॅटला वॉशिंग्टनकडून भिण्याचे कारण नव्हते.

ऑगस्ट २०२१ मध्ये दोन विधेयके एकमेकांना बांधली गेली. १० ऑगस्टला सिनेटने रस्ते, पूल, रेल्वे यांसाठीचे पायाभूत सुविधा विधेयक दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने ६९ विरुद्ध ३० मतांनी मंजूर केले. दुसऱ्याच दिवशी पहाटे ३.५ लाख कोटी डॉलरच्या अर्थसंकल्पी आराखड्याला ५० विरुद्ध ४९ अशी मंजुरी मिळाली. प्रतिनिधीगृहातील पुरोगामी गटाच्या प्रमुख प्रमिला जयपाल यांनी भूमिका घेतली की मोठे विधेयक पुढे सरकल्याशिवाय रस्त्यांच्या विधेयकाला आमची मते नाहीत. जोश गॉटहायमर यांच्या मवाळ गटाचे म्हणणे नेमके उलटे : आधी रस्ते, मग बाकीचे. सभापती नॅन्सी पेलोसी यांच्याकडे जेमतेम तीन मतांची सवड होती, त्यामुळे दोन्ही गट त्यांना अडवू शकत होते. एका बैलाला सोडले तर दुसरा जागचा हलणार नाही ही पुरोगाम्यांची भीती पुढे खरी ठरली.

सप्टेंबरअखेर एक कागद बाहेर आला. २८ जुलैची तारीख, मँचिन आणि सिनेटमधील पक्षनेते चक शूमर या दोघांच्या सह्या, आणि मँचिन यांच्या अटी : एकूण खर्च १.५ लाख कोटी डॉलरच्या आत, कंपनी-कर २५ टक्के, चर्चा १ ऑक्टोबरच्या आधी नको. खाली शूमर यांनी हाताने खरडले होते की यातल्या बऱ्याच बाबींवर जो (म्हणजे मँचिन) यांचे मन वळवण्याचा प्रयत्न करीन. म्हणजे पक्ष दोन महिने ३.५ चा आकडा मिरवत होता, तेव्हा निर्णायक मताची किंमत नेत्याच्या खिशात लिहून ठेवलेली होती. या कागदाविषयी सहकाऱ्यांना वेळेवर सांगितले असते, तर पुढची निम्मी भांडणे टळली असती असे वाटते.

दुसऱ्या अडवणूकदार ॲरिझोनाच्या सिनेटर कर्स्टन सिनेमा. त्या जाहीरपणे फारसे बोलतच नसत, त्यामुळे त्यांना काय हवे याचे तर्क लढवण्यातच इतरांचा वेळ गेला. हवामानावरील खर्चाला त्यांचा आक्षेप नव्हता. कंपन्या आणि श्रीमंतांवरील कराचे दर वाढवायला होता. मँचिन यांना करवाढ चालत होती, खर्च नको होता. एकाला खर्च नको, दुसरीला कर नको; या दोन नकारांतून गाळून जे उरेल तेच विधेयक.

गाळणीत पहिला बळी गेला तो हवामानाच्या मुख्य कलमाचा. दरवर्षी स्वच्छ विजेचा वाटा वाढवणाऱ्या वीजकंपन्यांना पैसे आणि न वाढवणाऱ्यांना दंड, अशी ती सुमारे १५,००० कोटी डॉलरची योजना होती. कोळशाच्या व्यवसायात घराण्याचे हितसंबंध असलेल्या मँचिन यांनी ती ऑक्टोबरमध्ये उडवून लावली. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या ‘ऑलमोस्ट हेवन’ या राहत्या बोटीभोवती आंदोलक छोट्या होड्या वल्हवत आले. खालून ते घोषणा देत होते आणि सिनेटर कठड्याला टेकून त्यांच्याशी बोलत होते.

उरलेल्या पैशांत काय बसवायचे यावर पक्षात आणखी एक वाद झाला. मोजक्या गोष्टी नीट कराव्यात असे पेलोसी यांचे मत. सगळ्या गोष्टी थोड्या वर्षांसाठी तरी सुरू कराव्यात, लोकांना सवय झाली की कोणी बंद करणार नाही, हा पुरोगाम्यांचा हिशेब. दुसरे मत जिंकले, आणि त्यानेच घात केला. २८ ऑक्टोबरला बायडेन यांनी १.७५ लाख कोटींचा नवा आराखडा मांडला. त्यात हवामानासाठी ५५,५०० कोटी डॉलर होते, पण बाल-करसवलत अवघी एक वर्ष वाढवलेली होती. मँचिन यांनी याला हिशेबाची हातचलाखी म्हटले. डिसेंबरमध्ये संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने या योजना कायम ठेवल्यास दहा वर्षांत तूट सुमारे ३ लाख कोटींनी वाढेल असे सांगितले, तेव्हा त्यांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

२ नोव्हेंबरला डेमोक्रॅट व्हर्जिनियाचे राज्यपालपद हरले आणि पक्ष हबकला. ५ नोव्हेंबरच्या रात्री रस्त्यांचे विधेयक २२८ विरुद्ध २०६ मतांनी मंजूर झाले. पुरोगाम्यांपैकी सहा जणांनी विरोधात मत दिले, १३ रिपब्लिकनांनी बाजूने. दोरी सुटली. १९ नोव्हेंबरला प्रतिनिधीगृहाने मोठे विधेयकही २२०–२१३ असे मंजूर केले; एकटे मेन राज्याचे जॅरेड गोल्डन पक्षाविरुद्ध गेले. आदल्या रात्री रिपब्लिकन नेते केविन मॅकार्थी यांनी मतदान लांबवण्यासाठी साडेआठ तास भाषण ठोकून सभागृहाचा विक्रम मोडला होता.

१९ डिसेंबरच्या रविवारी सकाळी मँचिन यांनी फॉक्स न्यूज वाहिनीवर आपला नकार जाहीर केला. मुख्य कारणे दोन : महागाई आणि राष्ट्रीय कर्ज. व्हाइट हाऊसने एरवी पक्षातल्या माणसाविरुद्ध न वापरलेल्या तिखट भाषेत, त्यांनी दिलेला शब्द फिरवल्याचे सुनावले. दुसऱ्याच दिवशी खाणकामगारांच्या संघटनेने त्यांना फेरविचार करायला सांगितले. धुळीने फुप्फुसे निकामी झालेल्या कामगारांच्या भरपाईचा निधीही त्याच विधेयकात अडकला होता. नकाराचा सर्वात जवळून दिसणारा परिणाम मुलांच्या घरी झाला. बाल-करसवलतीपोटी जुलैपासून दरमहा लहान मुलामागे ३०० आणि मोठ्यामागे २५० डॉलरपर्यंत खात्यात जमा होत होते. १५ डिसेंबरचा हप्ता शेवटचा ठरला. सरकारी मदतही जमेस धरणाऱ्या पूरक मापनपद्धतीनुसार बालदारिद्र्य २०२१ मध्ये ५.२ टक्के होते, ते २०२२ मध्ये १२.४ टक्क्यांवर गेले. साथीच्या काळातील इतर मदतीही तेव्हा संपल्या होत्या, पण या हप्त्याचा वाटा मोठा.

पुढचे सात महिने भिजत घोंगडे. जून २०२२ मधील महागाई ९.१ टक्के निघाल्यावर मँचिन यांनी पुन्हा हात वर केले, आणि पंधरा दिवसांत, २७ जुलैला, शूमर यांच्यासोबत गुपचूप ठरवलेला नवा मसुदा जाहीर केला. सगळेच चकित झाले. त्याच दिवशी काही तास आधी सिनेटने संगणक-चिपविषयीचे विधेयक मंजूर केले होते. डेमोक्रॅटांनी रिकन्सिलिएशनचा नाद सोडला नाही तर ते अडवू, असे रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी बजावले होते. नाद सुटल्याच्या समजुतीत ते गाफील राहिले.

नव्या मसुद्याचे नाव ‘महागाई घट कायदा’. नाव मँचिन यांना रुचेल असे; आतला गाभा मात्र हवामानाचा, सुमारे ३६,९०० कोटी डॉलरचा. दंडाची भाषा गेली आणि सगळा भर करसवलतींवर आला. बालसंगोपन, पगारी रजा, मासिक हप्ता यांवर पाणी सोडले. मोठ्या कंपन्यांवर किमान १५ टक्के कर आला. गुंतवणूक-निधी चालवणाऱ्यांची लाडकी करसवलत सिनेमा यांच्या आग्रहाने तशीच राहिली. खाणकामगारांच्या निधीचा कर कायमचा झाला. पवन आणि सौर प्रकल्पांसाठी सरकारी जागा द्यायची तर तेल-वायूसाठीही द्यावी लागेल, ही अट मँचिन यांनी पदरात पाडून घेतली. ७ ऑगस्टला सिनेटमध्ये ५१–५०, १२ ऑगस्टला प्रतिनिधीगृहात २२०–२०७, आणि १६ ऑगस्टला सही. सहीचे पेन बायडेन यांनी मँचिन यांच्या हाती दिले. कागदोपत्री विधेयकाचा क्रमांक जुनाच होता, एच. आर. ५३७६, पाटी तीच, आतला मजकूर बदललेला.

सिनेमा यांनी डिसेंबर २०२२ मध्ये आणि मँचिन यांनी मे २०२४ मध्ये पक्ष सोडला. २०२४ ची निवडणूक दोघांनीही लढवली नाही. महागाई घट कायद्यातील अनेक करसवलती ट्रम्प प्रशासनाच्या ४ जुलै २०२५ च्या कायद्याने छाटल्या. तो कायदाही रिकन्सिलिएशनच्या वाटेनेच आला. सिनेटमध्ये पुन्हा ५१–५०, फक्त या वेळी निर्णायक मत उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचे. इलेक्ट्रिक मोटार विकत घेणाऱ्याला मिळणारी सवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाली.