अमेरिकेत रानघोडा दत्तक घ्यायचाय? अर्ज नेमका कुठे अडकतो ते आधी बघा

टेक्सास, कोलोरॅडो, नॉर्थ कॅरोलिनाकडे आपली काही मराठी मंडळी गावाबाहेर पाच-दहा एकर घेऊन राहतात, आणि त्यांच्यातलं कोणी ना कोणी विचारतंच, की सरकार म्हणे सव्वाशे डॉलरला जंगली घोडा देतं, खरंय का? खरंय. 125 डॉलर ही कमीत कमी फी, बोली लागली तर जास्त. पण पैसे हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, अर्ज अडकतात ते भलत्याच गोष्टींवर.

आधी थोडक्यात, हे घोडे येतात कुठून. 1971 च्या कायद्याने सरकारी जमिनीवरच्या रानघोड्यांना आणि गाढवांना संरक्षण मिळालं, मग कळप वाढले, आणि ते चार-पाच वर्षांत दुप्पट होऊ शकतात. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणजे बीएलएमच्या हिशेबाने पश्चिमेकडच्या 10 राज्यांतल्या त्यांच्या कुरणांना साधारण 26 हजार जनावरं झेपतात, आणि 2025 च्या अंदाजात ती 70 हजारांच्या वर होती. म्हणून हेलिकॉप्टरने कळप हाकून पकडतात, काही घोड्यांना गर्भनिरोधक टोचून परत सोडतात, आणि बाकीची जनावरं दत्तक द्यायला काढतात.

पात्रता सरळ आहे: वय 18 पूर्ण, जनावरांशी क्रूरपणे वागल्याची शिक्षा झालेली नसावी, चारा-पाणी-जागा असावी. टायटल म्हणजे मालकीचा कागद, तो न मिळालेली जास्तीत जास्त चार जनावरं ठेवता येतात. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, मात्र ऑनलाइन लिलावात बोली लावायची तर अर्ज आधी मंजूर झालेला लागतो. लोक घोडा पसंत करतात आणि मग फॉर्म शोधायला लागतात, तोवर लिलाव संपलेला असतो.

आता फेन्स. सगळ्यात जास्त लोक इथेच आपटतात. माणसाची सवय नसलेल्या, दीड वर्षाच्या वरच्या घोड्याला कुंपण 6 फूट लागतं. दीड वर्षाच्या आतल्या शिंगराला 5 फूट, गाढवाला साडेचार. आपल्याकडे असतं नेहमीचं चार-साडेचार फुटी पाळीव घोड्यांचं कुंपण, आणि माणूस म्हणतो "अहो, चालतंय की, शेजाऱ्याचे घोडे याच्यात राहतात". नाही चालत. काटेरी तार, नुसत्या ताणलेल्या तारा, मोठ्या भोकांची जाळी, इलेक्ट्रिक फेन्स, यातलं काहीही चालत नाही, पाइप किंवा जाड फळ्या लावा. जागा प्रत्येक जनावरामागे किमान 400 चौरस फूट, म्हणजे वीस बाय वीस. दहा एकर कुरण आहे म्हणून फुशारकी नको, कारण घोडा माणसाळेपर्यंत त्याला मोठ्या कुरणात सोडायचंच नसतं, तो बुजून पळाला की तुमच्या बापाला सापडणार नाही.

शेडला छप्पर आणि किमान दोन बाजू, पाणी साचायला नको, हवा खेळती हवी. ताडपत्री टाकून केलेली शेड नामंजूर. हे सगळं फॉर्मसोबत स्केच काढून मापांसकट दाखवायचं असतं, आणि लोक तिथे एक चौकोन काढून "बार्न" लिहून मोकळे होतात. प्रत्येक बाजूची लांबी लिहा, कुंपणाची उंची लिहा, कशाचं आहे ते लिहा, शेड आणि पाणी कुठे ते दाखवा. आणि बीएलएमने हो म्हटलं म्हणजे तुमच्या काउंटीने किंवा हाउसिंग असोसिएशनने हो म्हटलं असं होत नाही, ते वेगळं विचारा आणि लेखी घ्या.

ट्रेलरचं तर विचारूच नका. वरून झाकलेला, पायरीसारखा चढून आत जायचा, मोकळा स्टॉक ट्रेलर, म्हणजे गुरं न्यायचा, लागतो. उताराची फळी असलेला, मधे पार्टिशन असलेला दोन घोड्यांचा ट्रेलर घेऊन गेलात तर लोड करून देत नाहीत, मग तुम्ही आठ तास गाडी चालवत आलेले असा नाहीतर काहीही असा. सोबत नायलॉनचा मजबूत हॉल्टर, म्हणजे तोंडावर बांधायची म्होरकी, आणि वीसेक फुटी दोर न्या.

दत्तक घेणाऱ्याला सरकार हजार डॉलर द्यायचं, त्या बक्षिसाचं लोक अजूनही विचारतात. ती योजना 2019 ला सुरू झाली, 2021 मध्ये बातम्या आल्या की लोक पैसे घेऊन घोडे कत्तलखान्याच्या वाटेवरच्या लिलावात विकतायत, आणि 2025 मध्ये कोर्टाने ती रद्द केली. त्या हजारावर चाऱ्याचं गणित बसवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घोडा घरी आणला म्हणजे तो तुमचा झाला असं अजिबात नाही. टायटल मिळेपर्यंत तो सरकारचा. विकता येत नाही, कुणाला देता येत नाही, 30 दिवसांपेक्षा जास्त दुसरीकडे ठेवायचा तर आधी परवानगी. मेला, चोरीला गेला किंवा पळाला तर कळल्यापासून 7 दिवसांत कळवायचं. तपासणीचं पत्र आलं तर घोडाही 7 दिवसांतच दाखवायचा.

टायटल एका वर्षाने मिळतं, पण आपोआप नाही, लोक नेमकं हेच चुकीचं वाचतात. वर्ष झाल्यावर अर्ज करायचा, आणि त्यावर व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर किंवा तसाच कोणी मान्य माणूस सही करतो की घोडा नीट सांभाळलाय. हा कागद ऐनवेळी कुणाकडेच नसतो. वर्षभर ज्या व्हेटला बोलावलंच नाही तो कशाला सही देईल? आणि तो आला तरी घोडा कुंपणाच्या आत पार टोकाला उभा, दहा फुटांवर येऊ देत नाही, मानेवरचा पांढरा फ्रीझमार्क, म्हणजे सरकारी ओळखखूण, वाचायचा तरी कसा! म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांतच व्हेट ठरवा, घोड्याला त्याची ओळख होऊ द्या, लसींची आणि खुरांची बिलं फाइलला लावा. पत्ता बदलला असेल तर 30 दिवसांत कळवा, नाहीतर टायटलचं पत्र जुन्या घरी जाऊन पडतं आणि तुम्ही इकडे ऑफिसला शिव्या देत बसता. तशा शिव्या द्यायला कारणं पुष्कळ आहेत, नियम चार ठिकाणी विखुरलेत आणि फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगतो, पण पत्त्याची चूक आपलीच.

हे वर्षभराचं झेंगट नकोच असेल तर 10 वर्षांवरचे किंवा तीनदा दत्तक जायचे राहिलेले घोडे थेट विक्रीत मिळतात, त्यांचं टायटल लगेच. मात्र घोडा कत्तलीसाठी विकणार नाही अशी लेखी हमी द्यावी लागते, आणि जागा, ट्रेलर हे तिथेही बघतातच.