विधेयकावर सूचना-हरकती पाठवताय? कागद कुठे अडतो ते आधी पाहा

विधिमंडळाच्या संयुक्त समितीपुढे (दोन्ही सभागृहांतल्या आमदारांच्या समितीपुढे) एखादं विधेयक असलं की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, बारीक टायपात एक जाहीर निवेदन येतं. अमुक विधेयकावर नागरिकांनी आणि संस्थांनी अमुक तारखेपर्यंत सूचना पाठवाव्यात, एवढाच त्याचा मजकूर. पाठवणारे कमी नसतात. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकावर 12 हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. पण टपालात टाकलेला प्रत्येक कागद समितीच्या उपयोगी पडतोच असं नाही, आणि तो वाया जाण्याची कारणं वर्षानुवर्षं तीच ती आहेत.

पात्रतेचं एका ओळीत सांगतो: कोणीही पाठवू शकतं. शुल्क नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेलं चालतं. निवेदनात मागितलेलं नसेल तर स्टॅम्पपेपर आणि नोटरीवर पैसे घालवू नका. पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि सही पुरते. तरीही लोक स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणतात आणि खाली विधेयकाचं नावच चुकीचं असतं.

खरी पहिली पायरी वेगळीच आहे. ते विधेयक समितीकडे गेलंय का, हे बघणं. आपल्याकडे बहुतेक विधेयकं कुठल्याही समितीकडे जात नाहीत. ती मांडली जातात आणि बऱ्याचदा त्याच अधिवेशनात मंजूर होतात. सभागृहाने ठराव करून संयुक्त समितीकडे सोपवलेली विधेयकं त्या मानाने थोडी. विधेयक समितीकडे नसेल तर विधानभवनाच्या पत्त्यावर पाठवलेली हरकत कोणत्या टेबलावर जाणार? अशा वेळी आपला आमदार गाठावा, कारण सभागृहात दुरुस्ती तोच सुचवू शकतो.

याच्या जोडीची दुसरी गल्लत पत्त्याची. कायदा झाल्यानंतर त्याखालचे नियम शासन करतं आणि त्या नियमांचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्यावरच्या हरकती मंत्रालयातल्या संबंधित विभागाकडे जातात. विधेयकावरच्या सूचना विधानभवनात, विधानमंडळ सचिवालयाकडे. दोन्ही इमारती दक्षिण मुंबईत, पिनकोडही तोच, त्यामुळे लोकांना वाटतं आतल्या आत पोहोचेल. पोहोचत असेलही, पण मुदत टळून गेल्यावर. निवेदनात ज्या पदनामाने पत्ता दिलाय तो अक्षरशः उतरवून घ्या. पालकमंत्री, मुख्यमंत्री, राज्यपाल अशा पाच प्रती काढल्याने वजन वाढत नाही.

विधेयकाचा क्रमांक

नाव पुरेसं नसतं. क्रमांक आणि वर्ष दोन्ही लिहा. जनसुरक्षा विधेयक जुलै 2024 मध्ये मांडलं गेलं आणि मंजूर न होताच राहिलं. पुढे विधानसभा विसर्जित झाली की तिच्यात प्रलंबित असलेलं विधेयक व्यपगत होतं, म्हणजे आपोआप बाद होतं, हे घटनेच्या अनुच्छेद 196 मध्येच आहे. डिसेंबर 2024 मध्ये त्याच नावाचं विधेयक पुन्हा मांडलं गेलं आणि ते संयुक्त समितीकडे गेलं. आता ज्याच्या हातात जुलैची झेरॉक्स आहे त्याने काय करायचं? ती बाजूला ठेवायची आणि समितीपुढची प्रत काढायची. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर ती मिळते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विसंबू नका. अधिवेशन नुसतं संस्थगित झालं तर मात्र विधेयक मरत नाही, त्यामुळे अधिवेशन संपलं म्हणजे सगळं संपलं असं समजून गप्प बसू नका.

मुदत

सगळ्यात जास्त लोक इथे बुडतात. 'अमुक तारखेपर्यंत' याचा अर्थ त्या दिवशी कागद तिथे पोहोचलेला असणं असाच धरून चाला. स्पीड पोस्टच्या पावतीवरची तारीख दाखवून भांडण्यात अर्थ नाही. जनसुरक्षा विधेयकासाठी शेवटची तारीख होती 1 एप्रिल 2025, मंगळवार. आदला सोमवार रमजान ईदचा. त्याच्या आदला रविवार, त्यात गुढीपाडवा. त्याआधी शनिवार, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यातली सरकारी सुट्टी. निवेदनातली मुदत मंगळवारची असली तरी हाती कागद देऊन शिक्का घेणाऱ्यासाठी त्याआधीचा कामाचा दिवस शुक्रवार, 28 मार्च होता. तारीख ठरवताना कुणी कॅलेंडर उघडून पाहिलं नसेल का, हा प्रश्न मी सोडून देतो. तुम्ही मात्र पाहा. गडचिरोली, नंदुरबारहून टपाल करणार असाल तर आठवडाभर हातात ठेवा. ईमेल स्वीकारत असतील तर ईमेल करा आणि टपालानेही पाठवा.

हातोहात देणाऱ्याने दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही हवेत. नुसती सही पोच म्हणून पुढे कुणी मानत नाही. ईमेलला हाताने लिहिलेल्या पानांचे तिरके फोटो जोडू नका. विषयाच्या ओळीत विधेयकाचं नाव आणि क्रमांक येऊ द्या.

संस्थेच्या नावाने पाठवताना

व्यक्तीला कागद लागत नाहीत, संस्था मात्र स्वतःच्याच कागदांत अडकते. लेटरहेडवर सूचना पाठवली म्हणजे ती संस्थेची झाली, असा समज असतो. कार्यकारिणीचा ठराव हवा, सही करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र हवं. आणि हे पाठवणारा खरोखर अध्यक्ष आहे का, असं कुणी विचारलंच तर धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट 1 वर, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या तिथल्या नोंदीवर, त्याचं नाव हवं. ते कित्येक संस्थांकडे नसतं. निवडणूक झालेली असते, नव्वद दिवसांत द्यायचा बदल अर्ज दिलेलाही असतो, आणि तो तिकडे वर्षानुवर्षं पडून राहतो, म्हणून कागदोपत्री अजून मागचेच विश्वस्त. कधीकधी त्यातले एखादे वारलेलेही असतात. याला इलाज एकच: परिशिष्टावर नाव नसेल तर वैयक्तिक नावाने सही करा आणि मजकुरात 'अमुक संस्थेत काम करतो' एवढंच लिहा.

मजकूर

'हा काळा कायदा रद्द करा' असं एका ओळीत लिहून खाली गावाच्या सह्या. राग खरा असतो, पण समिती बसते ती विधेयकाचे खंड, म्हणजे त्यातली कलमं, एकेक करून तपासायला. कोणता खंड, त्यात काय चुकतंय, त्याजागी कोणते शब्द हवेत आणि का, या क्रमाने लिहिलं तर सदस्याला ते उचलून बैठकीत मांडता येतं. संपूर्ण विरोध असेल तर तो पहिल्या परिच्छेदात ठासून नोंदवा, आणि मग 'विधेयक मागे घेतलं नाही तर निदान' म्हणून खंडनिहाय उतरा. जनसुरक्षा विधेयकात समितीने केलेला एक बदल बघा: तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. बदल होतात ते अशा नेमक्या शब्दांत. कायद्याच्या गाभ्यावरचे आक्षेप त्याने मिटले नाहीत हेही खरं. जुलै 2025 मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि त्याविरुद्धची आंदोलनं चालूच राहिली.

खंडांपाठोपाठ विधेयकाच्या शेवटची पानंही वाचा. उद्देश व कारणे यांचं निवेदन सगळे वाचतात. त्यानंतर येतं वित्तीय ज्ञापन, आणि शासन पुढे नियम करून काय काय ठरवणार हे सांगणारं ज्ञापन. व्याख्या, मुदती, शुल्क अशा गोष्टी 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' म्हणून जिथे सोडल्यात तिथेच पुढे लोक भरडले जातात. त्या जागांवर बोट ठेवणारी सूचना फार कमी जण पाठवतात.

एकच छापील मजकूर शेकडो नावांनी पाठवू नका. निदान मधला परिच्छेद स्वतःचा असू द्या: तुमच्या धंद्यात, वस्तीत, शेतात हा खंड लागू झाला तर काय होईल, तेवढाच.

समितीपुढे तोंडी म्हणणं मांडायचं असेल तर तसं सूचनांच्या पत्रातच लिहा, नंतर आठवण करून उपयोग नाही. बोलावणं येईलच याची हमी नसते, तो समितीचा निर्णय. आलंच तर ओळखपत्रावरचं आणि अर्जातलं नाव एकच असू द्या. प्रवेशपत्रासाठी फाटकावर वाद घालत बसण्यात तुमची वेळ जाते. आणखी एक: संसदीय समित्यांच्या जाहिरातींत, पाठवलेल्या सूचना गोपनीय असून त्या इतरत्र वाटल्यास विशेषाधिकारभंग (सभागृहाच्या खास हक्कांचा भंग) होईल, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या विधेयकाच्या जाहीर निवेदनात अशी अट असेल तर आपला मजकूर फेसबुकवर टाकण्याची घाई करू नका.

मुदत हुकलीच तर समितीच्या सदस्यांची यादी काढा आणि आपल्या भागातला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, निवडा. त्याच्या हाती दोन पानं द्या. पटलं तर तो बैठकीत मांडेल. नाही पटलं समितीचं काही, तर त्याला अहवालाला भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपलं वेगळं मत लेखी, जोडता येते.