वाढई कोरतो, घुणही कोरतो

तान्हा पोळा, म्हणजे विदर्भातला लेकरांचा लाकडी नंद्यांचा सण, आठवड्यावर आला म्हणून माळ्यावरून लाकडी नंदी खाली काढला. मागच्या पायाशी पिठाची बारीक ढिगली दिसली. बोटांत चोळून पाहिली, अगदी टाल्कम पावडर. पायावर मोहरी जेमतेम जाईल एवढी गोल भोकं. आई म्हणाली, "घुण लागला याले."

नंदीचं वशिंड, शिंगं, गळ्यातली घुंगरमाळ वाढईनं कोरली. पाय घुणानं कोरला. मराठीत क्रियापद एकच. विदर्भात सुताराला म्हणतात तो 'वाढई' शब्द संस्कृत 'वर्धकी'पासून आला. त्याचा 'वाढणे'शी संबंध नाही. धातुपाठात 'वर्ध' धातूचा अर्थ छेदणे असा दिला आहे. म्हणजे वाढई मुळात छेदणारा, आणि घुणही तेच करतो. फरक जुन्यांनी नेमका टिपला होता: घुण कोरत गेला आणि योगायोगानं अक्षर उमटलं, तर तो 'घुणाक्षरन्याय'. अक्षर काढायचं त्याच्या मनात नसतं.

मग त्याच्या मनात असतं काय? पिष्ट, म्हणजे स्टार्च. मैद्यासारखी भुकटी पाडणारे हे लिक्टस गटातले भुंगेरे जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब, तपकिरी असतात. मादी लाकडाला आधी चावून बघते. पुरेसं पिष्ट लागलं तरच लाकडाच्या उघड्या रंध्रांत अंडी घालते. अळी आत महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त काळ बोगदे पाडत राहते. लाकडातलं सेल्युलोज तिला पचत नाही. पिष्ट आणि साखर तेवढी घेते, बाकीचं भुकटी होऊन मागे पडतं. आपल्याला दिसणारं भोक हे वाढ पूर्ण झालेला भुंगेरा बाहेर पडला त्याची खूण. तो आत शिरला, असं आपण समजतो. भोक दिसतं तेव्हा त्या भुंगेऱ्याचं आतलं काम संपलेलं असतं! (म्हाताऱ्या बांबूत घर करणारा काळाभोर, गुणगुणणारा भुंगा निराळा. ती चक्क मधमाश्यांच्या कुळातली माशी. ती लाकूड खात नाही, पोखरून त्यात पिल्लांसाठी पराग साठवते.)

नंदी घेऊन वाढईभाऊंकडे गेलो. त्यांनी पटाशीनं पायाचा एक टवका काढला नि दाखवला. "हे पांढरं लाकूड रायलं होतं. घुण यालेच लागते. गाभ्याले हात नाई लावत तो."

अगदी बरोबर. झाड आपला साठा सालीलगतच्या जिवंत, फिकट लाकडात ठेवतं. आतला गाभा तयार होताना पिष्ट संपतं, आणि सागवानाच्या गाभ्यात तर किडीला न सोसणारी टेक्टोक्विनोनसारखी रसायनं साठतात. बांबूला असा गाभाच नाही, म्हणून तो घुणाला लवकर बळी पडतो. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत आहे ती त्यासाठीच: साखर विरघळून जाते, पिष्ट जीवाणू फस्त करतात. आता बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणातही बुडवतात.

घरच्या लाकडात घुण अजून जिवंत आहे का ते बघायचं असेल, तर जुनी भुकटी झाडून खाली काळा कागद अंथरा. वस्तू न हलवता पंधरा दिवसांनी नवी ढिगली दिसली, तर आत काम सुरू आहे.

वाढईभाऊंनी तो पाय कापून काढला, सागाच्या गाभ्याचा नवा बसवला, आणि खुराची चीर पटाशीनं दोनदा कोरून तिसऱ्यांदा पसंत केली.