फवारणीचं नोझल

पंपाच्या लान्सच्या, म्हणजे हातातल्या फवारणीच्या दांडीच्या, टोकाला बसतो तो हा बारका भाग, पण थेंब किती बारीक, फवारा कसल्या आकाराचा आणि मिनिटाला पाणी किती जाणार हे सगळं हाच ठरवतो. औषध महागातलं आणायचं आणि तण, अळी, करपा सगळ्याला पंपासोबत आलेलं एकच नोझल चालवायचं, हे सर्रास चालतं.

तणनाशकाला फ्लॅट फॅन नाहीतर फ्लड जेट (दोन्ही पसरट, पंख्यासारखा फवारा सोडणारी नोझल), दाब कमी ठेवायचा म्हणजे थेंब जाड पडतात आणि वाऱ्यावर जात नाहीत, कारण टू-फोर-डी हे तणनाशक उडून शेजारच्या कपाशीवर किंवा द्राक्षावर गेलं की पानं आकसतात, वेडीवाकडी होतात आणि बांधावरची भांडणं सुरू. कीड-रोगाला हॉलो कोन. त्याच्या आत पाण्याला गोल फिरवणारी चकती असते, त्यामुळे मधे पोकळ असा गोल फवारा पडतो आणि बारीक थेंब दाट झाडात शिरतात. पांढरी माशी, डाऊनी (केवडा रोग) ही मंडळी पानाच्या खालच्या बाजूलाच असतात ना, तिथपर्यंत औषध पोचायला हवं. नाशिककडच्या द्राक्षबागेतल्या ब्लोअरवरही (हवेच्या झोतानं फवारणारं यंत्र) बहुतेक हेच असतं.

फ्लॅट फॅनवर ११००२ असा नंबर असतो, म्हणजे ११० अंशाचा फवारा आणि साइज ०२. रंगही ठरलेले आहेत: ०१ केशरी, ०२ पिवळा, ०३ निळा, ०४ लाल. पिवळं ३ बार दाबाला मिनिटाला साधारण ०.८ लिटर सोडतं, म्हणजे मीटरभर पट्टा धरून ताशी ३ किमी चालीनं एकराला ६५ लिटरच्या आसपास पाणी. दुप्पट पाणी पाहिजे म्हणून दाब वाढवत बसू नये, त्यासाठी दाब चौपट लागतो आणि थेंब बारीक होऊन उडतात ते वेगळंच, सरळ लाल लावावं. (हॉलो कोनमधे रंगांचा भरवसा नाही, कंपनीचा तक्ता बघावा.)

पितळी नोझल दिसायला दणकट पण पावडरच्या औषधानं लवकर झिजतं, सिरॅमिक सगळ्यात जास्त टिकतं. मोजमापाच्या भांड्यात मिनिटभर पाणी धरायचं, त्याच दाबाला नव्यापेक्षा १० टक्के जास्त आलं की बदलायचं. चोंदलं तर जुना टूथब्रश आणि पाणी, तार घातली तर भोक मोठं होतं, आणि तोंडाने फुंकायचं तर अजिबातच नाही, तिथे विष लागलेलं असतं.