गोळी नेमकं काय करते?

औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी सहसा कोणी वाचत नाही. अमेरिकेत मात्र अशाच एका चिठ्ठीतली ओळ सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचली.

जानेवारी २०१२. ओबामांच्या फेरनिवडीचं वर्ष. नोकरदारांच्या आरोग्यविम्यात गर्भनिरोधकं मोफत मिळाली पाहिजेत, असा नियम सरकारने पक्का केला. चर्चला सूट होती, पण कॅथलिक रुग्णालयांना आणि विद्यापीठांना नव्हती. बिशप खवळले. १० फेब्रुवारीला सरकारने तोडगा काढला, की अशा संस्थांऐवजी खर्च विमा कंपनीने करायचा. तेवढ्याने भागलं नाही. रिपब्लिकन म्हणाले, हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. डेमोक्रॅट म्हणाले, हा विरोध म्हणजे बायकांविरुद्धचं युद्ध आहे. मालकाला नैतिक कारणावरून सूट देणारी रिपब्लिकन सिनेटर रॉय ब्लंट यांची दुरुस्ती १ मार्चला सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ मतांनी बारगळली.

कॅथलिक चर्चला सगळीच कृत्रिम गर्भनिरोधकं नामंजूर. तिथे विज्ञानाला काही कामच नाही. ‘हॉबी लॉबी’ या दुकानांच्या साखळीचे इव्हँजेलिकल मालक मात्र २० मान्य पद्धतींपैकी १६ द्यायला तयार होते. हरकत होती ती चारांवर: संबंधानंतर घ्यायच्या दोन गोळ्या आणि दोन प्रकारच्या गर्भाशयात बसवायच्या साधनांवर. त्यांच्या मते फलित बीज म्हणजे जीव, आणि या पद्धती त्याला गर्भाशयात रुजू देत नाहीत.

देतात की नाही? हा प्रश्न शरीरशास्त्राचा आहे.

स्त्रीबीज बाहेर पडलं की जेमतेम दिवसभर टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणजे ते बऱ्याचदा बीजाची वाट पाहत थांबलेले असतात. त्या दोन गोळ्यांपैकी एक, लेव्होनॉर्जेस्ट्रेलची, खेळते ती याच फटीत. बीज बाहेर पडण्याचा इशारा देणारं संप्रेरक उसळायच्या आत ती घेतली, तर बीज लांबणीवर पडतं आणि शुक्राणू वाट पाहून संपतात. उशीर झाला, तर गोळी फुकट. बीज बाहेर पडल्यावर ती घेतलेल्या बायकांची नोंद चिली आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ठेवली; गोळी न घेता जेवढ्या गरोदर राहिल्या असत्या, साधारण तेवढ्या राहिल्याच. गोळी रुजणं थांबवत असती, तर हा आकडा खाली यायला हवा होता.

गर्भाशयात बसवायच्या तांबीची गोष्ट वेगळी. तांब्याचे आयन मुख्यतः शुक्राणूंनाच निकामी करतात, पण संबंधानंतर बसवली तर ती रुजण्यातही आडकाठी आणू शकते. म्हणजे मालकांची शंका सगळीच हवेतली नव्हती, हेही मान्य करायला हवं.

गोळीच्या चिठ्ठीत मात्र ‘रुजण्यास अडथळा येऊ शकतो’ असं जुनं वाक्य तसंच छापलं जात होतं. त्यामुळे हॉबी लॉबीने सरकारविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सरकारलाही ठाम नकार देता येईना. त्याच्याच अन्न व औषध प्रशासनाने ते मंजूर केलेलं! ३० जून २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयात मालक ५ विरुद्ध ४ असे जिंकले. श्रद्धा शास्त्राला धरून आहे का, हे न्यायाधीशांनी तपासलं नाही. ती मनापासूनची आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं.

डिसेंबर २०२२ मध्ये चिठ्ठीतलं ते वाक्य वगळण्यात आलं. जून २०२४ मध्ये, निवडणूक पाच महिन्यांवर असताना, गर्भनिरोधकांच्या हक्काचं विधेयक सिनेटसमोर आलं. पुढे सरकायला ६० मतं लागत होती, पडली ५१.