आधी कोरा कागद, मग चर्चा

मेहकर, लोणार, सिंदखेडराजाच्या पट्ट्यात भल्या पहाटे रस्त्यानं गेलं की फौजेच्या भरतीची पोरं पळताना दिसतात. भरतीच्या तयारीवर गावोगावी बोललं जातं, फौजेतून परतल्यावरच्या अभ्यासावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत सेवा चार वर्षांची, आणि पुढं कायम व्हायची संधी जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. त्यातले बरेच जण गावी येऊन बी.ए., बी.कॉम.ला नाव घालतील. पेन्शनवर आल्यावर मुक्त विद्यापीठातून पदवी करणारे हवालदार, बदल्यांमुळे चार राज्यांतल्या शाळा पाहिलेली जवानांची मुलं, नवरा सीमेवर असताना बी.एड. करणाऱ्या बाया, हे सगळे तर आधीपासून आहेतच. या सगळ्यांनी गटानं अभ्यास कसा करावा, त्याविषयी हे थोडं.

कॉलेज तालुक्याला, एसटी वेळेवर येईलच असं नाही. मग गावातल्या अभ्यासिकेत किंवा देवळाच्या सभामंडपात चार जण जमतात. एक जण गाईड मोठ्यानं वाचतो, बाकीचे माना डोलावतात. तासाभरानं सगळ्यांना वाटतं, धडा झाला.

तो झालेला नसतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांचे गट पाडले. एका गटानं एकच उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्यानं एक सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं, समोर काही न ठेवता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढं होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. नजरेखालून वारंवार गेलेली ओळ ओळखीची वाटते, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा आपला समज होतो. आठवायला लागणारा जोर हीच खरी मेहनत. न पळता कुणी सोळाशे मीटर काढत नाही, हे भरतीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मग सगळ्यांनी मिळूनच आठवावं का? इथं एक अडचण आहे. तिघं एकत्र बसून आठवतात तेव्हा, तिघांनी वेगवेगळं लिहून त्या याद्या एकत्र केल्यावर जेवढं भरतं, त्यापेक्षा कमीच भरतं. १९९७ पासून हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे. कारण असं मानतात की प्रत्येकाच्या डोक्यात माहितीची मांडणी वेगळी असते. दुसरा बोलायला लागला की आपला धागा तुटतो. म्हणून बैठकीची पहिली दहा-पंधरा मिनिटं पुस्तक बंद, तोंड बंद, समोर कोरा कागद. कागद भरले की मग बोलायचं.

बोलण्याचा फायदा कुणाला होतो, यावर नोरीन वेब या संशोधिकेनं शाळांमधल्या गटांचा बराच अभ्यास केला. समजावून सांगणारा सर्वांत जास्त शिकतो. ज्याला कारण न देता नुसतं उत्तर मिळतं, त्याच्या पदरी जवळजवळ काहीच पडत नाही. त्यामुळे हुशार पोराची वही फिरवणं म्हणजे मदत नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

गट किती जणांचा असावा? माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून ताकद मोजली होती. निष्कर्ष १९१३ साली छापले. आठ जण एकत्र ओढत, तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्यानं ओढण्याच्या जेमतेम निम्मा भरे. पुढं १९७४ मध्ये डोळे बांधलेल्या माणसांना ‘मागं आणखी लोक ओढताहेत’ असं खोटंच सांगितलं, तरी ते सैल पडले. रेजिमेंटच्या रस्सीखेचीत हे खपत नसेल, अभ्यासगटात मात्र सर्रास चालतं. कोडी सोडवण्याच्या २००६ च्या एका प्रयोगात तिघांच्या गटानं तेवढ्याच सुट्या माणसांतल्या सर्वोत्तमालाही मागं टाकलं. दोघांच्या जोडीला ते जमलं नाही, आणि चार-पाच जण केल्यानं तिघांपेक्षा फरक पडला नाही. तेव्हा तीन ते पाच.

फौजेची शिस्त गटाला वेळेवर बसवते, पण हुद्दा आड येतो. निवृत्त हवालदार बोलला की गावातली पोरं गप्प : ‘फौजी सांगून रायले म्हणजे बरोबरच असन.’ पोरांच्या कागदावर वेगळं उत्तर असलं तरी ते पुढं येत नाही. यावर तोड फौजेतच आहे. मोहिमेनंतर काय ठरलं होतं, काय झालं आणि का, हे सगळ्यांनी बसून बोलण्याची पद्धत अमेरिकी सैन्यानं १९७०च्या दशकात रुळवली. अशा बैठकांवरच्या अभ्यासांचा २०१३ साली एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा कामगिरीत सरासरी २० ते २५ टक्के सुधारणा दिसली. अभ्यासगटात हेच करताना सर्वांत लहानानं आधी आपला कागद वाचावा, फौजीनं शेवटी.

उरला वेळेचा प्रश्न. हिवाळी परीक्षा नेमकी सोयाबीन निघाल्यावर, कापूस वेचणीच्या दिवसांत येते. रोज बसणं कुणालाच जमत नाही, आणि तसं बसायचीही गरज नाही. एकाच दिवशी चार तास बसण्यापेक्षा तेच चार तास आठवड्यांत पांगवले तर जास्त टिकतं, हे १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउसनं स्वतःवर प्रयोग करून दाखवलेल्या गोष्टींशी जुळतं. बाया असलेल्या गटानं रात्रीच्या सभामंडपाचा हट्ट सोडून दुपारची वेळ धरावी. आणि कुणी अजून ड्यूटीवर असेल, तर त्यानं रविवारी आपल्या लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवावा. गटानं चुका लाल पेनानं दाखवून तो परत करावा, पूर्ण उत्तर मात्र लिहून देऊ नये.