ट्रेलरसाठी १५० एएचची ट्युब्युलर की १०० एएचची लिथियम? आधी चार्जिंगचे तास मोजा

ट्रेलर किंवा कॅम्पर बांधायला घेतलेला माणूस सगळ्यात आधी विचारतो, "किती एएचची बॅटरी घेऊ?" एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप. उत्तरही ठरलेलंच मिळतं: घरच्या इन्व्हर्टरला दीडशेची आहे ना, मग ट्रेलरला तशा दोन टाक. ती बॅटरी रोज भरायची कशी, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या रात्री फ्रिज बंद पडतो आणि सगळे म्हणतात, बॅटरी लहान पडली. बहुतेक वेळा ती लहान नसते, भरलेलीच नसते.

ट्युब्युलर म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते ती शिसे-आम्लाची बॅटरी. तिच्याबद्दल फार सांगायला नको. ज्यांनी लोडशेडिंग काढलंय त्यांना डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलवरची पांढरी बुरशी, सगळं माहीत आहे. बॅटरीवर १५० एएचपुढे सी-२० लिहिलं असेल तर ७.५ अँपिअरने २० तास, एवढाच त्याचा अर्थ. जास्त जोराने उपसली तर कमी मिळतं. आयुष्य हवं असेल तर रोज निम्म्याखाली नेऊ नये. म्हणजे १२ व्होल्टच्या हिशेबाने १८०० वॉट-तासांतले साधारण ९०० वापरायचे. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट १२.८ व्होल्टची, म्हणजे १२८० वॉट-तास, आणि त्यातले हजारेक बिनधास्त वापरता येतात. वजन १२-१३ किलो. ट्युब्युलर पन्नाशीच्या पुढे. लिथियम आधी महाग पडते, पण टिकते जास्त. इथपर्यंत कुणाचा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो भरण्यात, आणि तो घरच्या अनुभवातूनच येतो. घरी लाइट दोन तास जाते आणि मग बावीस तास असते. तेवढ्या वेळात बॅटरी सावकाश काठोकाठ भरते, त्यामुळे ती किती हळू भरते हे आपल्याला कधी दिसतच नाही. ट्रेलरमध्ये चांगलं ऊन चार-पाच तास. जनरेटर फार तर दोन तास, तोही शेजारच्या तंबूवाल्यांची झोपमोड न करता.

निम्मी उतरलेली १५०ची ट्युब्युलर घ्या, ३० अँपिअरचा चार्जर लावा आणि वायरला क्लॅम्प मीटर, म्हणजे बाहेरूनच करंट मोजणारा चिमटा, धरा. सुरुवातीला आकडा तिशीच्या आसपास राहतो. मग बॅटरीचा व्होल्टेज १४.४ला पोचतो, चार्जर तो तिथेच धरून ठेवतो आणि मीटरवरचा आकडा उतरायला लागतो: बावीस, पंधरा, नऊ, पाच. चार्जर बिघडलेला नसतो. प्लेटांमधली रासायनिक क्रिया त्याहून वेगाने होतच नाही, म्हणून बॅटरी स्वतःच करंट घेणं कमी करते. पहिले ८० टक्के पटकन होतात, शेवटच्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. ६० अँपिअरचा चार्जर आणलात तरी हा टप्पा आखडत नाही. बॅटरी तापते आणि पाणी उडतं. १५० एएचला १५ अँपिअर हा नेहमीचा हिशेब आहे, आणि तो धरला तर निम्म्यापासून पूर्ण भरायला आठ-नऊ तास सहज जातात. ट्रेलरमध्ये तेवढे तास मिळत नाहीत. रोज ८० टक्क्यांवरच थांबलं की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि काही महिन्यांत दीडशेची बॅटरी शंभरीसारखी वागायला लागते. अशा वेळी दुसरी बॅटरी जोडणं म्हणजे अर्धवट भरलेल्या दोन बॅटऱ्या सांभाळणं.

लिथियमचं इथे वेगळं आहे. १०० एएचच्या बॅटरीला बहुतेक उत्पादक ५० अँपिअरपर्यंत चालेल म्हणतात, आणि ती दिलेला करंट जवळजवळ शेवटपर्यंत तसाच घेते. शिवाय रोज पूर्ण भरायची गरज नाही. ६०-७० टक्क्यांवर राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. आतले सेल एका पातळीवर येण्यासाठी अधूनमधून पूर्ण भरली की पुरे. ट्रेलरसाठी मी लिथियमच सांगतो ते या कारणाने. वजनाचा फायदा नंतर.

आता चार्जर ठरवताना एएचकडे बघू नका, तासांकडे बघा. १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज दिवसाला ५०० वॉट-तासांच्या आसपास, भर मे महिन्यात विदर्भात त्याहून बराच जास्त. २८ वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा दहा तास म्हणजे २८०. दिवे, मोबाइल, लॅपटॉप, पाण्याचा पंप मिळून २००-२५०. बेरीज हजाराला टेकते, म्हणजे साधारण ८० एएच. ३० अँपिअरच्या चार्जरने हे पावणेतीन तासांत परत जातात, आणि तो चार्जर ५०० वॉटच्या आतच ओढतो, त्यामुळे लहान १ केव्हीएचा जनरेटरही त्याला पुरतो. तेच १० अँपिअरच्या चार्जरने आठ तास. म्हणून २०० एएच आणि १० अँपिअरपेक्षा १०० एएच आणि ३० अँपिअर ही जोडी मी कधीही घेईन. छतावर ४०० वॉटचं पॅनल आडवं बसवलं तर निरभ्र दिवशी हजार-बाराशे वॉट-तास मिळतात. कोकणात जुलैमध्ये तो भरवसा धरू नका.

लिथियम घेऊन तिला घरचा जुना इन्व्हर्टर जोडणाऱ्यांवर माझा खरा राग आहे. त्याचा चार्जर ट्युब्युलरसाठी बनलेला असतो. काही इन्व्हर्टर ठरावीक दिवसांनी इक्वलायझिंगसाठी, म्हणजे सगळे सेल सारखे भरावेत म्हणून, व्होल्टेज १५च्या वर नेतात. लिथियमला १४.२ ते १४.६ हवेत; त्यावर गेलं की बॅटरीतलं संरक्षणाचं सर्किट, म्हणजे बीएमएस, पुरवठा तोडतं आणि माणूस रात्री फ्यूज शोधत बसतो. चार्जरवर लिथियम आयर्न फॉस्फेटचं सेटिंग नसेल तर तो घेऊ नका.

गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून, थेट वायर ओढणंही तसंच. लिथियम मिळेल तेवढा करंट खेचते आणि अल्टरनेटर तापतो. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज गाडी स्वतः कमी-जास्त करते, त्यामुळे कधी भरपूर मिळतं, कधी काहीच नाही. मध्ये २० किंवा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घाला, तो गाडीच्या विजेवरून बॅटरी ठरलेल्या करंटनेच भरतो. चार तासांच्या प्रवासात दिवसाचा हिशेब भरून निघतो.

इंडक्शन शेगडीचा मोह मात्र १०० एएचवर नको. २००० वॉट म्हणजे बॅटरीतून १७० अँपिअरच्या वर, आणि अशा बॅटरीचं बीएमएस बहुधा १०० अँपिअरलाच तोडतं. गॅस ठेवा. लडाख-स्पितीला थंडीत जाणार असाल तर बॅटरी ट्रेलरच्या आत, उबेत बसवा: शून्याखालच्या तापमानात लिथियम वापरता येते, पण चार्ज करायची नाही. ट्युब्युलर मात्र झोपायच्या बंद खोलीत कधीच नको, चार्जिंग होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.